मांजरावर सापडलेलं, मांजरालाच न चालणारं औषध

२०१७चा खरीप यवतमाळकर विसरणार नाहीत. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २०हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. मोनोक्रोटोफॉस हे नाव तेव्हा घराघरात पोचलं.

असलं विष बैलाच्या नाहीतर कुत्र्याच्या पोटात गेलं तर? मज्जातंतूचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं. हे विष तेच बंद पाडतं. निरोप थांबतच नाही. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. ॲट्रोपिननं लाळ आटते, श्वास मोकळा होतो, पण झटक्यांसाठी डायझेपाम लागतं. मेंदूत ‘गाबा’ नावाचा ब्रेक आहे, हे औषध तो जास्त जोरानं लावतं. कुत्र्याला किलोमागे साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांनीच शिरेतून द्यायचं.

हे झालं त्या वेळेपुरतं. पण ज्या कुत्र्याला विष न खाताही वारंवार फिट येते, त्याचं काय? त्याला रोज गोळी लागते, आणि त्या गोळीचा इतिहास मजेशीर आहे.

१८५७मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी फिटवर ब्रोमाइड वापरल्याचं सांगितलं. १९१२मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना फेनोबार्बिटल उपयोगी दिसलं. दोन्हींनी गुंगी यायची. मग बोस्टनमध्ये मेरिट आणि पटनम यांनी मांजरांना विजेनं झटके आणून एकेक रसायन तपासलं. त्यातून १९३८मध्ये फेनिटोइन माणसांपर्यंत आलं. फिट थांबते, गुंगी फारशी नाही!

माणसांची सोय झाली. पण मांजराचं शरीर फेनिटोइन इतकं हळू बाहेर टाकतं, की ते साचून विषासारखं होतं. कुत्र्याचं उलटं: चारेक तासांत निम्मं औषध संपतं, म्हणजे दिवसभर गोळ्याच देत बसा.

म्हणून जनावरांचे डॉक्टर जुन्याच औषधांकडे वळले. कुत्र्याला फेनोबार्बिटल किलोमागे अडीच-तीन मिलिग्रॅमपासून, दिवसातून दोनदा सुरू करतात. गंमत म्हणजे कुत्र्याचं लिव्हर हळूहळू ते जास्त वेगानं फोडायला शिकतं. डोस तोच, रक्तातलं औषध कमी. म्हणून दोनेक आठवड्यांनी आणि पुढेही रक्त तपासावं लागतं. ब्रोमाइड तर कुत्र्याच्या अंगातून निम्मं जायलाच सुमारे २४ दिवस घेतं, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार महिने जातात. मांजराला मात्र ते देत नाहीत, कारण फुप्फुसाला सूज येऊ शकते.

तर मंडळी, डोस नुसत्या वजनावर ठरत नाही. कोणतं शरीर ते औषध किती वेगानं बाहेर टाकतं, यावर ठरतो. म्हणून आजोबांची फिटची गोळी अर्धी करून मोत्याला देऊ नका. सुरू असलेली गोळी एकदम बंदही करू नका, झटके उसळून येतात.

मग आपण काय करायचं? फिट आली की तोंडात हात घालायचा नाही, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करायच्या. हातातला मोबाईल काढा, व्हिडिओ घ्या, वेळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं, तर थेट दवाखाना गाठा. फवारणीच्या दिवसांत असाल, तर औषधाचा डबाही सोबत न्या. त्यावरचं नाव वाचूनच डॉक्टरांना पुढचा उपाय ठरवता येतो.