१९८२ : पडलेले सिनेमे, पुरलेले गेम

विज्ञानकथेच्या चाहत्यांचं सगळ्यात श्रीमंत वर्ष कोणतं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: १९८२. गंमत म्हणजे त्या वर्षाचा हिशोब तेव्हा एका तऱ्हेने लागला आणि आज भलत्याच तऱ्हेने लागतो.

अमेरिकेतला तो जून महिना बघा. ४ तारखेला ‘स्टार ट्रेक’चा दुसरा सिनेमा. ११ ला स्पीलबर्गचा ‘ई.टी.’. आणि २५ ला एकाच दिवशी दोन सिनेमे, रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ आणि जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’.

‘ई.टी.’ने पुढे ‘स्टार वॉर्स’च्या कमाईचा विक्रम मोडला. लोकांना गोड परग्रहवासी हवा होता, तो मिळाला. उरलेले दोघे अंधारे, घाबरवणारे. ‘ब्लेड रनर’ गल्ल्यावर पडला. ‘द थिंग’ला समीक्षकांनी असं झोडपलं की कार्पेंटरच्या हातातला पुढचा सिनेमाही गेला. मी हे दोन्ही फार नंतर, केबलवर पाहिले. तोवर त्यांची गणती अभिजात सिनेमांत व्हायला लागली होती. १९९३ साली तर ‘ब्लेड रनर’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत गेला.

पण ज्याच्या कादंबरीवर तो बेतला होता, त्या फिलिप के. डिकला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. काही दृश्यं त्याने पाहिली होती. सिनेमा लागायच्या आधीच, २ मार्चला, वयाच्या ५३ व्या वर्षी तो गेला. जन्मभर पैशाची ओढाताण, आणि मागून हॉलिवूडने त्याच्या कथांवर मोठमोठे सिनेमे काढले.

आपल्याकडचा एक धागाही इथे आहे. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ नावाची पटकथा हॉलिवूडसाठी लिहिली होती. सिनेमा झालाच नाही. ‘ई.टी.’ आल्यावर, आपल्या पटकथेच्या प्रती अमेरिकेत फिरल्या नसत्या तर हा सिनेमा झाला नसता, असं राय म्हणाले. स्पीलबर्गने ते नाकारलं. वाद तसाच राहिला.

आता खरा तळ. ‘ई.टी.’ गाजला म्हणून अटारी कंपनीने प्रचंड पैसे मोजून त्याच्या व्हिडिओ गेमचे हक्क घेतले. नाताळ गाठायचा होता, म्हणून एकट्या प्रोग्रॅमरला जेमतेम पाच आठवडे दिले. गेम फसला. डिसेंबरात अटारीने कमाईचा अंदाज खाली आणला आणि मालक कंपनी वॉर्नरचे शेअर गडगडले. १९८३ मध्ये न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. लोकांना ही दंतकथाच वाटायची. २०१४ मध्ये खणलं तेव्हा काडतुसं खरंच निघाली. त्याच १९८३ मध्ये अटारीने उत्पादन हाँगकाँग-तैवानला हलवायचं ठरवलं आणि सुमारे १,७०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. हक्कांचा सौदा वरच्यांनी केला, किंमत कारखान्यातल्यांनी मोजली.

म्हणून मला हे वर्ष महत्त्वाचं वाटतं. पडलेले सिनेमे काळाने उचलून धरले. पण डिकला ते यश दिसलं नाही आणि त्या कामगारांना नोकरी परत मिळाली नाही. शुक्रवारचा गल्ला बघून सोमवारी निकाल लावायची घाई आजही तीच आहे. कलाकृती थांबू शकते हो, माणसाला तेवढा वेळ नसतो.

तुमच्या पाहण्यात असा पहिल्या आठवड्यात मारला गेलेला कुठला सिनेमा आहे? खाली लिहा.