तेलात न्हाणारी साखळी

जुन्या सायकलींचा नाद असलेली माणसं एखादी सायकल पारखायला बसली, की त्यांची नजर आधी पायडलपाशी जाते. तिथल्या मोठ्या दातेरी चक्रात कंपनीची खूण कातलेली असते. रंग उडालेला असो, पुढचा बिल्ला कुणी काढून नेलेला असो, सीट बदललेली असो. सायकल कोणत्या घरची, हे चक्र सांगतं. बगळ्यांची डोकी दिसली की रॅले. धावणाऱ्या माणसांचं कडं दिसलं की हंबर. हाताचा पंजा म्हणजे रज, आणि सरळ तीन अक्षरं असली तर बीएसए. पुण्या-मुंबईतल्या वाड्यांच्या आणि चाळींच्या जिन्याखालून आजही अधूनमधून बाहेर निघणाऱ्या ब्रिटिश सायकलींची कुळं अशीच लावली जातात.

सनबीमचं कूळ असं लावता येत नाही, कारण तिचं चक्र दिसतच नाही. पुढचं चक्र, साखळी, मागचं छोटं चक्र, सगळं काळ्या पत्र्याच्या एका बंद पेटीत असतं. बाकीच्यांनी जिथे आपली खूण मिरवली, ती जागाच या कंपनीने झाकून टाकली. आणि जगभरच्या संग्राहकांचा जीव अडकतो तो नेमका या पेटीत. सनबीम, त्यातही सोनेरी रेघांची ‘गोल्डन सनबीम’, एकदा तरी आपल्याकडे असावी, असं त्यांना वर्षानुवर्षं वाटत राहतं. या पेटीचं मूळ शोधायचं तर सायकलीच्या कारखान्यापर्यंत जाऊन भागत नाही. त्याच्याही मागे, चहाच्या ट्रेपर्यंत जावं लागतं.

सतराव्या शतकात पूर्वेच्या व्यापारातून जपान आणि चीनमधल्या लाखकामाच्या वस्तू युरोपात पोचल्या. त्यांची काळीभोर, खोल चकाकी पाहून तिथले कारागीर वेडावले. पण तशी वस्तू घडवायची कशी? आपल्या सावंतवाडीच्या लाखकामातली लाख किड्यांपासून मिळते. जपानची लाख म्हणजे एका विशिष्ट झाडाचा चीक. ते झाड युरोपात नव्हतं. मग जवसाचं तेल, डांबराच्या जातीचं खनिज अस्फाल्ट आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण करून त्यांनी नक्कल सुरू केली. वेल्समधल्या पाँटिपूल गावी ऑलगुड घराण्याने हे रोगण कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्यावर भट्टीच्या उष्णतेने पक्कं बसवण्याची रीत बसवली. पातळ हात द्यायचा, भट्टीत भाजायचं, बारीक भुकटीने घासून काढायचं आणि पुन्हा हात द्यायचा. असे थरावर थर चढत. शेवटची झिलई बायका नुसत्या तळहाताने घासून आणत.

हे काम पुढे इंग्लंडच्या मध्यभागी बर्मिंगहॅम, बिल्स्टन आणि वुल्व्हरहॅम्प्टन या गावांत स्थिरावलं. ज्याच्या नावाचा टाइप आजही पुस्तकांत वापरला जातो, त्या जॉन बास्करव्हिलने छपाईत हात घालण्याआधी पैसा कमावला तो याच धंद्यात. ट्रे, चहाच्या डब्या, कोळशाच्या पेट्या, मेणबत्तीच्या बैठका असं सगळं काळ्या रोगणात आणि सोनेरी वेलबुट्टीत निघत असे.

सनबीम काढणाऱ्या जॉन मार्स्टनचा जन्म १८३६ साली लडलो गावातला. १८५१ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याला वुल्व्हरहॅम्प्टनच्या एडवर्ड पेरीकडे उमेदवारीला ठेवलं. पेरी हा रोगणकामाचा मोठा कारखानदार. तेविसाव्या वर्षी मार्स्टनने स्वतःचं दुकान थाटलं, आणि १८७१ साली पेरी वारल्यावर त्याचा कारखानाही विकत घेतला. तोवर या धंद्याला उतरती कळा लागली होती. विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याची युक्ती निघाली होती आणि चांदीसारखा लखलखणारा ट्रे परवडू लागल्यावर मध्यमवर्गाला काळ्या पत्र्याचा ट्रे जुनाट वाटू लागला. भट्ट्या होत्या, हात होते, पत्र्याला हवा तसा वळवणारे कसबी लोक होते. नवी वस्तू हवी होती.

ती त्याच सुमारास शेजारच्या कॉव्हेंट्रीत जन्माला आली होती. १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ ही सायकल बाजारात आणली. तोवरच्या उंच सायकलीचं पायडल थेट पुढच्या भल्यामोठ्या चाकाला जोडलेलं असे. रोव्हरची दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, आणि पायाचं बळ मागच्या चाकाकडे नेणारी साखळी. आपण आज जिला सायकल म्हणतो ती हीच. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० साली बुश आणि रोलर असलेली साखळी शोधून ठेवली नसती, तर रोव्हर इतकी सहज चालली नसती. मार्स्टनने १८८७ मध्ये सायकली बनवायला घेतल्या. पहिल्या सायकलीच्या ताज्या रोगणावर ऊन चमकताना पाहून त्याच्या पत्नीने ‘सनबीम’ हे नाव सुचवलं, अशी त्या घराण्याची आवडती गोष्ट आहे. पॉल स्ट्रीटवरच्या कारखान्याला पुढे ‘सनबीमलँड’ म्हणू लागले.

काळी सायकल आणि तिच्यावर सोनेरी रेघ हा मेळ आपल्याला इतका सवयीचा झाला आहे, की सायकल मुळातच काळी असते असं वाटतं. पण तो ट्रेवाल्यांचा रंग आहे. तीच भट्टी, तेच रोगण, तोच रेघ ओढणारा हात. फक्त पत्र्याच्या जागी नळी आली.

साखळीने मात्र एक नवं दुखणं आणलं. तेव्हाचे रस्ते खडीचे, उन्हाळ्यात धुळीचे आणि पावसात चिखलाचे. साखळीला तेल लावावं तर त्या तेलावर धूळ बसते. धूळ आणि तेल मिळून जो काळा लगदा होतो, तो घासण्याच्या पेस्टचंच काम करतो. साखळी ‘लांबते’ असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची बुश थोडीथोडी झिजते, आणि शंभरेक सांध्यांची ती झीज एकत्र झाली की साखळी लोंबते. मग दातांवर नीट बसत नाही, दातही खाते, आणि ऐन चढावर उतरते. पावसाळ्यात सायकल चालवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

यावर हॅरिसन कार्टर नावाच्या गृहस्थाने उपाय काढला: साखळी पूर्ण बंद पेटीत ठेवायची आणि पेटीच्या तळाशी थोडं तेल. साखळी फिरताना खालच्या बाजूला तेलाला स्पर्श करते, अंगावर घेते आणि जास्तीचं पुन्हा तळाशी सोडते. बाहेरची धूळ आत येत नाही, आतलं तेल बाहेर जात नाही, धोतराचा किंवा झग्याचा घेर साखळीत अडकत नाही. कार्टरची पेटी इतर कारखान्यांनीही आपापल्या सायकलींना बसवली. पण सनबीमने ती आपली केली. ‘लिटल ऑइल बाथ’, म्हणजे छोटं तैलस्नान, या नावाने ती सुबक, अंगासरशी बसणारी पेटी सनबीमची ओळख झाली.

हे मार्स्टनलाच का जमलं, याचं उत्तर मला त्याच्या उमेदवारीच्या वर्षांत दिसतं. सायकलवाले बहुतेक नळ्या जोडणारे, लोहारकाम आणि लेथ जाणणारे. तेल न गळणारी पातळ पत्र्याची पेटी हे वेगळंच काम आहे. पत्रा पातळ हवा, नाहीतर वजन वाढतं. पातळ पत्रा सरळ ठेवला तर थरथरतो आणि साखळीला लागून वाजतो. म्हणून त्याला योग्य जागी उभार द्यावा लागतो, कडा दुमडून ओठ काढावे लागतात. पायडलचा आस आणि मागच्या चाकाचा हब जिथून आत शिरतो, तिथे भोक नेमकं हवं. मागचं चाक काढता यावं म्हणून मागचा तुकडा सुटा निघायला हवा आणि पुन्हा बसवल्यावर फटही दिसता कामा नये. चहाचा ट्रे आणि झाकणाची डबी करण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्यासाठी यातलं काहीच नवं नव्हतं. माझ्या लेखी सनबीमचं चेनकव्हर ही सायकलीच्या इतिहासातली वस्तू आहे त्याहून जास्त रोगणकामाच्या इतिहासातली आहे. एक मरू घातलेलं कसब तिथे जाऊन जगलं.

मार्स्टन स्वभावाने कमालीचा चोखंदळ होता. बाहेरून विकत घेतलेली पायडलं त्याला पसंत पडेनात, म्हणून त्याने मुलाला, चार्ल्सला, अमेरिकेला धाडलं. हार्टफर्डच्या प्रॅट अँड व्हिटनी कारखान्यातली यंत्रं आणि कामाची शिस्त पाहून चार्ल्स परतला आणि म्हणाला, असं उत्पादन करायचं तर वेगळा कारखाना हवा. त्यातून १८९८ साली व्हिलियर्स स्ट्रीटवर व्हिलियर्स कंपनी उभी राहिली. तिचं फ्रीव्हील आणि नंतरची छोटी इंजिनं जगभर गेली. म्हणजे एका माणसाला पायडल आवडलं नाही, यातून एक स्वतंत्र उद्योग जन्मला. मोटारींची शाखाही अशीच फुटली, वेगळी कंपनी झाली, आणि १९२७ मध्ये हेन्री सीग्रेव्हने वुल्व्हरहॅम्प्टनमध्येच घडलेल्या सनबीम मोटारीतून डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. ती कथा मोठी आहे; इथे नको.

सनबीम महाग होती आणि मिरवणाऱ्यांपेक्षा जाणकारांची होती. संगीतकार एडवर्ड एल्गारने १९०० साली रॉयल सनबीम घेतली. गडी चाळिशी ओलांडलेला. त्याने तिचं नाव ‘मिस्टर फीबस’, म्हणजे सूर्यदेव, असं ठेवलं आणि मॉल्व्हर्नच्या टेकड्यांच्या परिसरात मैलोन्‌मैल रपेट केली.

१९१८ साली मार्स्टनचा मुलगा रोलंड गेला, आणि पाठोपाठ ऐंशी ओलांडलेला बापही. वारसा कराचा बोजा एकापाठोपाठ एक पडल्याने घरच्यांना कंपनी विकावी लागली. ती नोबेल इंडस्ट्रीजच्या छत्राखाली गेली, तिथून आयसीआय या रसायन उद्योगाकडे, १९३७ मध्ये असोसिएटेड मोटर सायकल्सकडे आणि १९४३ मध्ये बीएसएकडे. नाव टिकलं, पण पॉल स्ट्रीटचे हात त्यामागे राहिले नाहीत. म्हणून संग्राहक नुसतं ‘सनबीम आहे’ यावर थांबत नाहीत, कोणत्या काळातली हे विचारतात. पहिल्या महायुद्धाआधीची, मार्स्टनच्या हयातीतली सायकल मिळणं हे खरं स्वप्न.

तैलस्नानाची पेटी सगळीकडे का रुजली नाही, याचंही कारण साधं आहे. पंक्चर झालं की मागचं चाक काढायला वेळ लागतो. पेटीचं वजन असतं, आणि तिच्या किमतीत अनेक साखळ्या येतात. झिजली साखळी की नवी टाकायची, हा हिशेब बहुतेकांना सोपा वाटला. आपल्याकडच्या काळ्या सायकलींना आणि लेडीज सायकलींना जे फुल चेनकव्हर येत असे, ते या पेटीचंच दूरचं नातलग. पण त्यात तेल नसे. ते कपडे वाचवायचं, साखळीला नाही. दोन-तीन पावसाळ्यांत त्याचा एखादा स्क्रू पडे आणि पायडल मारताना ते खडखडू लागे, मग कुणीतरी ते काढूनच ठेवत असे. जुन्या ब्रिटिश आणि भारतीय सायकली जवळून पाहायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकलही तिथे आहे.

खरी सनबीम समोर आलीच, तर सोनेरी रेघांकडे पाहून हुरळून जाऊ नये. रेघा कुणीही ओढून देतो आणि बिल्लाही नवा मिळतो. हात फिरवावा तो पेटीवर. पोचे कुठे आहेत, ओठ कुठे उघडलाय, भोकाभोवती नंतर कुणी डाग मारलाय का, हे बोटांना कळतं. मग मागचा तुकडा सोडवायला सांगावा. आत कोरडा, लाल गंज असेल तर पेटी कित्येक वर्षं रिकामी होती. काळं, घट्ट, जुनं तेल असेल तर साखळी बहुधा शाबूत निघते. तिची एकेक कडी वाकवून पाहावी. रंग कितीही विटलेला असला तरी पावडर कोटिंगच्या दुकानात सायकल नेऊ नये. तिथे आधी सगळं जुनं रोगण खरवडून काढतात आणि ते एकदा गेलं की तसं पुन्हा चढवता येत नाही. मऊ फडक्याने पुसून, हलका मेणाचा हात दिला तरी पुरतो. पेटीत नवं तेल घालून, सायकल स्टँडवर उभी करून पायडल हाताने सावकाश फिरवावं, आणि खाली एक कागद अंथरून ठेवावा. तासाभराने कागद कोरडा असेल तर ट्रेवाल्यांचा तो सांधा अजून धरून आहे. किमतीची बोलणी त्यानंतर.