दर तावाला एक पेनी

दुसऱ्याच्या उभ्या पिकात गुरे शिरली की ती कोंडवाड्यात जात, आणि मालकाला दर डोईमागे दंड भरून सोडवावी लागत. म्हशीचा दंड निराळा, शेळीचा निराळा. गुरे मोजता येतात, म्हणून दंडही मोजून सांगता येई.

इंग्लंडात राणी ॲनच्या काळी, १७१० साली, ग्रंथकारांच्या हक्काचा कायदा अमलात आला. त्यातला दंडही असाच मोजका होता. परवानगीवाचून छापलेली पुस्तके रद्दी करायची, शिवाय सापडलेल्या दर तावाला एक पेनी. निम्मी सरकारात, निम्मी फिर्यादीला. अमेरिकेने १७९० साली हीच रीत उचलली. तिथे तावामागे पन्नास सेंट.

पण ताव उरलाच नाही तर? संगणकावरून गाणे उतरवले, तर मोजणार काय? अमेरिकेचा आजचा कायदा कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर भरपाई सांगतो. जाणूनबुजून केले असेल तर १,५०,००० पर्यंत. आता ही मौज पहा. मिनेसोटा राज्यातल्या एका बाईंवर २४ गाण्यांचा खटला झाला. बाजारात गाणे सुमारे एका डॉलरला मिळे. ज्युरीने २००७ साली २,२२,००० डॉलर ठरवले. खटला पुन्हा चालला, तेव्हा २००९ साली दुसऱ्या ज्युरीने १९,२०,००० ठरवले! न्यायाधीशांनी ते ५४,००० वर आणले. कंपन्यांना ते मान्य झाले नाही. २०१० साली तिसरी ज्युरी म्हणाली, १५,००,०००. अखेर २०१२ साली अपील न्यायालयाने पुन्हा २,२२,००० चाच आकडा कायम केला.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. एकाने खुले केलेले गाणे पुढे किती जणांकडे जाते, याचा हिशेब लागत नाही. खरे आहे. पण हिशेब लागत नाही म्हणून वाटेल तो आकडा लावावा, हे मला पटत नाही. प्रती मोजता येत नसतील. त्यातून पैसा मिळवला की नाही, हे तरी विचारता येते.

आपल्या १९५७ च्या कायद्यात, कलम ६३ प्रमाणे, सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. शिक्षा हलकी नव्हे. मात्र धंद्यातल्या लाभासाठी केले नसेल, तर न्यायाधीशाला विशेष कारणे नोंदवून त्याखाली उतरता येते. कॉलेजातल्या पोराने मित्रांत गाणी वाटली आणि एखाद्याने त्याच गाण्यांवर दुकान चालवले, यांत फरक करायला तेवढी फट आहे. मिनेसोटातल्या त्या ज्युरीला, गुन्हा जाणूनबुजून केल्याचे ठरल्यावर, २४ गाण्यांसाठी १८,००० डॉलरच्या खाली येताच येत नव्हते.