फुकटच्या टपालाची किंमत



टपालाचा इतिहास हा वरवर पाहता हरकारे, तिकिटे आणि शिक्के यांचा इतिहास वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना आणि साधा प्रश्न आहे. पत्राचे पैसे कोणी द्यायचे? ज्या ज्या काळी या प्रश्नाचे उत्तर बदलले, त्या त्या काळी पत्र कोणाच्या मालकीचे, ते कोणी जपायचे आणि कोणी उघडायचे, याही गोष्टी बदलल्या. आज आपल्यापैकी बहुतेकांची पत्रे ज्या फुकट ई-मेल सेवांमधून ये-जा करतात, त्यांच्याकडे याच प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावे असे मी योजिले आहे.

इंग्लंडात १८४० पूर्वी पत्राचे पैसे सामान्यतः पत्र घेणाराच देत असे. दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. गरिबाच्या दारी पत्र येणे म्हणजे आनंदाबरोबर भुर्दंड. म्हणून लोकांनी युक्ती काढली. पत्राच्या बाहेरच्या बाजूस ठरलेली खूण करायची, घेणाऱ्याने ती पाहायची आणि ‘नको’ म्हणून पत्र परत करायचे. निरोप पोचला, पैसा वाचला! रोलंड हिल यांनी १८३७ साली पुस्तिका लिहून ही सारी व्यवस्था बदलण्याची मागणी केली, आणि १८४० साली एका पेनीत देशभर कोठेही पत्र जाऊ लागले. हिंदुस्थानात तीच सुधारणा १८५४ साली आली. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर मुंबईचे हलके पत्र कलकत्त्यास पोचू लागले. जुनी रीत पुरती गेली नाही. ‘नॉटपेड’ पत्रासाठी पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवल्याची आठवण येथील वडीलधाऱ्या मंडळींना असेलच.

तिकिटाने आणखी एक गोष्ट केली. पैसे पाठवणाऱ्याने दिले, काम टपालखात्याने केले, आणि घेणाऱ्याच्या हाती पडताच पत्र त्याचे झाले. खात्याकडे त्याची प्रत उरत नसे. वाटेत पत्र फोडण्याचा मोह मात्र सरकारला तेव्हाही आवरला नाही. सावरकरांच्या १९०७ सालच्या अनुवादामुळे मराठी वाचकाला परिचित झालेला मॅझिनी लंडनमध्ये आश्रयास होता. १८४४ साली त्याची पत्रे गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकमाने टपालात फोडली जात असल्याचे उघडकीस आले. पार्लमेंटात गदारोळ झाला, चौकशी समित्या बसल्या, कार्लाइलसारखा लेखक मॅझिनीच्या बाजूने वृत्तपत्रात लिहिता झाला. बंद पत्राचे पावित्र्य हा सामान्य माणसाचा हक्क आहे, ही भावना त्या गदारोळात सर्वांसमोर आली.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवून दाखवले, आणि माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह घातले. पुढची वीस-पंचवीस वर्षे ही सोय मुख्यतः विद्यापीठे, सैन्य आणि मोठ्या कंपन्या यांच्यापुरती राहिली. खर्च संस्थेचा, म्हणून टपालपेटीही संस्थेची. नोकरी सुटली की पत्ता सुटला. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांस खुले केले, पण त्याची वार्षिक वर्गणी हजारांच्या घरात होती आणि वर्गणी थांबली की पत्ताही जाई.

या अडचणीतूनच फुकट टपालाचा जन्म झाला. सबीर भाटिया हा बंगळूरला वाढलेला तरुण आणि त्याचा सहकारी जॅक स्मिथ कॅलिफोर्नियात एका कंपनीत नोकरीस होते. स्वतःचा व्यवसाय काढण्याविषयी त्यांना एकमेकांस लिहायचे होते. पण कचेरीच्या संगणकावरून लिहिलेले मालकाच्या दृष्टीस पडेल ही धास्ती होती. मग कोणत्याही संगणकावरून, साध्या वेबपानावर उघडता येईल अशी टपालपेटी का असू नये? ४ जुलै १९९६ या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी ‘हॉटमेल’ सुरू झाले. मालकाच्या नजरेपासून सुटका हा त्याचा मूळ हेतू होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी; कारण पुढे याच सेवांवर नजरेचा आरोप यायचा होता.

भांडवल पुरवणाऱ्यांनी एक सूचना केली. प्रत्येक पत्राच्या तळाशी ‘तुम्हीही फुकट खाते उघडा’ अशी ओळ घालावी. झाले! प्रत्येक पत्र हाच जाहिरातीचा फलक बनला आणि प्रत्येक पत्रलेखक नकळत विक्रेता बनला. दीड वर्षात ८० लाखांहून अधिक लोक हॉटमेलवर आले. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. किंमत सुमारे ४० कोटी डॉलर सांगितली गेली. त्याच वर्षी याहूने ‘रॉकेटमेल’ची मालक कंपनी घेऊन आपली टपालसेवा काढली. श्रोतेहो, जे फुकट वाटले जात होते, त्याला ही किंमत कशी आली? विकत घेतली गेली ती लाखो माणसांची रोजची ये-जा.

या सेवेने केलेले काम थोर होते, हे मान्य केलेच पाहिजे. ज्याच्या घरी संगणक नाही, त्यालाही प्रथमच पत्ता मिळाला. तालुक्याच्या गावी सायबर कॅफे निघाले; तासाचे पैसे देऊन मुले बसत, अमेरिकेतील विद्यापीठांना लिहीत. न्यू जर्सीला गेलेल्या मुलाचे हवाईपत्र येण्यास जेथे आठवडा-दोन आठवडे लागत, तेथे रोमन लिपीतले मराठी पत्र क्षणात येऊ लागले. मुंबईच्या ‘रेडिफमेल’वर हजारो मराठी माणसांचा पहिला पत्ता निघाला. हे सर्व तिकिटाच्या दराने कधी झाले नसते.

पण अडचणीही लवकरच दिसू लागल्या. पहिली जागेची. हॉटमेलची पेटी २ मेगाबाइटची. दोन-चार छायाचित्रे आली की भरली. महिनाभर खाते उघडले नाही की आतील पत्रे पुसली जात. घरच्या ट्रंकेत आजोबांची पत्रे पन्नास वर्षे राहतात. येथे आजारपणाने वा प्रवासाने महिना गेला की सारे साफ! दुसरी अडचण सुरक्षिततेची. ऑगस्ट १९९९ मध्ये हॉटमेलच्या व्यवस्थेत एक भगदाड सापडले. केवळ नाव ठाऊक असले तरी पासवर्डाशिवाय कोणाचेही खाते उघडता येत होते. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आपल्या एका वेब-नावाचे वार्षिक शुल्क भरण्यास विसरली आणि असंख्य लोकांना आपली पेटी उघडेना. अखेर एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले. अब्जावधींची कंपनी, आणि दार उघडले ते परक्याच्या ३५ डॉलरांनी.

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने ‘जीमेल’ जाहीर केले, तेव्हा पुष्कळांना ती एप्रिलफूलची थट्टा वाटली. याहूची पेटी ४ मेगाबाइटची असताना येथे १ गिगाबाइट, म्हणजे अडीचशे पट जागा! अट एवढीच, की यंत्र पत्रातील शब्द चाळून त्यांना साजेशी जाहिरात शेजारी लावील. त्याच महिन्यात ३१ संघटनांनी गूगलला विरोधाचे पत्र लिहिले. तथापि लोक रांग लावून खाती मागत राहिले. जाहिरातीसाठी पत्रे चाळणे बंद करीत असल्याचे गूगलने जाहीर केले ते २०१७ साली. तेरा वर्षे अब्जावधी पत्रांची ही अट लोकांनी न वाचता मान्य केली होती.

याहून गंभीर प्रसंग चीनमध्ये घडला. शी ताओ नावाच्या पत्रकाराने एप्रिल २००४ मध्ये आपल्या याहूच्या खात्यातून एक पत्र परदेशी पाठवले. तिआनानमेन हत्याकांडाच्या पंधराव्या स्मृतिदिनाच्या सुमारास वृत्तपत्रांनी कसे वागावे, याविषयीच्या सरकारी आदेशाची माहिती त्यात होती. याहूने खात्याचा तपशील चिनी अधिकाऱ्यांना दिला. २००५ साली शी ताओला दहा वर्षांची शिक्षा झाली. २००७ साली अमेरिकन काँग्रेसपुढे याहूचे प्रमुख जेरी यांग यांना त्याच्या आईची क्षमा मागावी लागली. मॅझिनीच्या पत्राला निदान लाखेची मोहोर होती. ती फोडल्याची शंका त्याला घेता आली. शी ताओच्या पत्राला मोहोरच नव्हती, आणि त्याचा माग दुसऱ्याच्या कपाटात नोंदलेला होता.

पत्रे कोणाची, हा प्रश्न एका शोकाकुल घरातही उभा राहिला. नोव्हेंबर २००४ मध्ये इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका तरुण अमेरिकन सैनिकाच्या वडिलांनी मुलाची पत्रे मागितली. खाते व्यक्तीबरोबर संपते आणि त्यातील मजकूर दुसऱ्यास देता येत नाही, असे याहूने आपल्या नियमांवर बोट ठेवून सांगितले. २००५ साली मिशिगनच्या न्यायालयाने हुकूम दिला, तेव्हा ती मिळाली. कंपनीचे म्हणणे केवळ दुष्टपणाचे नव्हते. मृताचेही गुपित असते. पण आपल्या मृत्यूनंतर पत्रांचे काय व्हावे हे ठरवणारा कागद कंपनीने लिहिला होता, मुलाने नव्हे.

पुढे चोरीही झाली. याहूच्या सर्वच्या सर्व, म्हणजे ३०० कोटी खात्यांचा तपशील २०१३ साली चोरीस गेल्याचे २०१७ साली मान्य करण्यात आले. आणि आता तर या पेटीतच बँकेची, आयकराची, रेल्वेच्या आरक्षणाची किल्ली आहे. पासवर्ड विसरला की नवा मिळवण्याचा मार्ग बहुधा तेथूनच जातो. अशी पेटी एखाद्या यंत्राने संशयावरून बंद केली, तर तक्रार न्यायची कोठे? पोस्टात निदान खिडकी असते आणि खिडकीमागे मास्तर असतो.

मग उपाय काय? पैसे देऊन सेवा घ्यावी, हा एक मार्ग. २०१४ साली स्वित्झर्लंडमध्ये निघालेल्या ‘प्रोटॉनमेल’सारख्या सेवा पत्रे कुलूपबंद ठेवतात आणि वर्गणीवर चालतात. पण पैसा सर्व संकटे टाळतो असे नाही. वर्गणीदार असलेली ‘लॅव्हाबिट’ ही अमेरिकन सेवा सरकारला ग्राहकांची पत्रे उघडू देण्यापेक्षा बरे म्हणून मालकाने ऑगस्ट २०१३ मध्ये एका दिवसात बंद केली. तत्त्व राखले गेले, ग्राहकांची पत्रे मात्र अडकली. स्वतःचा टपाल-संगणक घरी चालवणे तज्ज्ञासही जड जाते. मोठ्या सेवा अशा एकट्या संगणकाकडून आलेल्या पत्राकडे संशयाने पाहतात.

माझ्या मते इतिहासाचा कौल वेगळ्या दिशेने आहे. पत्ता आणि पत्र वाहणारा, या दोहोंची फारकत करावी. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क भारतात २०११ साली सर्वत्र मिळाला. ई-मेलला असा कायदा नाही, पण वाट आहे. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्चून स्वतःचे वेब-नाव घ्यावे आणि पत्ता त्यावर ठेवावा. मग टपाल कोणाकडूनही वाहून घ्यावे, तो नको झाला की बदलावा. शुल्क मात्र वेळेवर भरावे. मायक्रोसॉफ्टचा नाताळ आठवावा! ज्यांना हेही नको, त्यांनी निदान पत्रांची प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावी. ही सोय साधी दिसते, पण २००२ साली याहूने तिच्यासाठी वर्गणी लावली आणि हॉटमेलने ती सर्वांस फुकट दिली ती २००९ साली. कोणत्या दारावर पहारा असतो, हे यावरून कळावे. खाते वापरातही ठेवावे. दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्यास गूगलने डिसेंबर २०२३ पासून आरंभ केला आहे.

फुकट टपाल हे पाप आहे असे माझे म्हणणे नाही. १८४० च्या सुधारणेने गरिबाला पत्र दिले, १९९६ च्या सुधारणेने त्याला पत्ता दिला. परंतु पहिल्या वेळी पैसे देणारा पत्र लिहिणाराच होता. दुसऱ्या वेळी तिसऱ्याने पैसे दिले, आणि पेटीची मालकी त्याच्याकडे गेली. ती मालकी थोडीथोडी परत मिळवणे आज आपल्या आटोक्यात आहे. निदान ज्या पत्रांवाचून आपले घर रिते होईल, तेवढी तरी आपल्या ट्रंकेत आणून ठेवावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.