तीन दिवसांची एल

मद्याचा इतिहास बहुधा करवसुलीच्या दप्तरांवरून लिहिला जातो. अबकारीचा वसूल किती आला, मक्ता कोणाकडे गेला, पिठे वाढले की घटले, एवढ्यावरून इतिहासकार आपली अनुमाने बांधीत जातो, आणि पिणाऱ्याला काय आवडले हा प्रश्न त्या कागदांत कोठेच नोंदलेला नसल्यामुळे मागे पडतो. इंग्लंडातील पिंपातल्या एलची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हकीकत मात्र याला अपवाद आहे, कारण ती पिणाऱ्यांनीच घडविली आणि टिपणवह्यांतून लिहूनही ठेवली.

ही एल म्हणजे काय, ते आधी सांगावयास हवे. मोड आणून भाजलेल्या जवाचा अर्क हॉपच्या फुलांसह उकळून, निववून, यीस्ट घालून आंबविला की बिअर होते. पण भट्टीतून निघताना ती गाळून निर्जीव न करता तशीच पिंपात भरली, तर यीस्ट तेथेही आपले काम मंदपणे चालू ठेवते. असे नऊ गॅलनांचे पिंप, ज्याला फर्किन म्हणतात, पबच्या तळघरात आडवे घालून दोन्ही बाजूंनी पाचरी मारून स्थिर करतात. वरच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकली की तिच्यातून वायू फसफसत बाहेर येऊ लागतो, आणि त्याचा जोर ओसरला की तेथे कठीण लाकडाची खुंटी बसवितात. पुढे गाळ तळाशी बसेपर्यंत एक-दोन दिवस पिंपाला धक्काही लागता कामा नये. तोटी लाकडी हातोड्याच्या एकाच घावात बसली पाहिजे. हात कचरला तर मालकाच्या तोंडावर फेस! तळघराचे उष्णमान 11 ते 13 अंशांच्या आसपास राखावयाचे, आणि एवढे करूनही, पेले भरू लागले की पिंपात हवा शिरते व तीन दिवसांच्या आत चव उतरू लागते. म्हणजे एकाच भट्टीची, एकाच दिवशी भरलेली दोन पिंपे दोन पबांत दोन निराळ्या चवींची निघू शकतात, आणि चांगली एल कोठे मिळते हे तेथवर चालत जाऊन पिऊन पाहिल्यावाचून कळत नाही.

गाळ लवकर बसावा म्हणून पिंपात माशाच्या वाताशयापासून केलेला एक चिकट पदार्थ, आयझिंग्लास, घालण्याची रीत आहे. पूर्वी तो रशियातील स्टर्जन माशापासून येई. पुढे हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील माशांकडे व्यापाऱ्यांची दृष्टी वळली, इतकी की जॉन फोर्ब्स रॉईल यांनी 1842 मध्ये या एकाच विषयावर पुस्तक लिहिले, आणि मुंबई बंदरातून सुकविलेली वाताशये विलायतेस रवाना होऊ लागली. आपल्या कोळ्यांनी उन्हात वाळविलेल्या वस्तूने साहेबाचा पेला नितळ केला, आणि त्या पेल्याची चव त्यांच्यापैकी कोणास कळली नसावी, याची मला गंमत वाटते.

या नाजूक पेयावर गंडांतर आले ते कारखानदारीच्या सोयीतून. ईस्ट शीन येथील एका टेनिस क्लबात सभासद शनिवार-रविवारीच येत आणि मधल्या दिवसांत बिअर बिघडे, म्हणून वॉटनी कंपनीने 1930 च्या सुमारास गाळून, तापवून, निर्जंतुक केलेली व वायूच्या दाबाने पेल्यात येणारी ‘केग’ बिअर तेथे आजमावून पाहिली, असे सांगतात. तिला ना कुशल हात लागे, ना धीर. कोणाही नोकराने तोटी फिरवावी आणि सर्वत्र सारखीच बेतास बात चव मिळावी. 1960 नंतर लहान भट्ट्या विकत घेऊन वाढलेल्या सहा बड्या कंपन्यांच्या हाती देशातील बहुतेक बिअर आली. पब त्यांच्याच मालकीचे, आणि बांधील पबाने धन्याचीच बिअर विकावी हा दंडक जुना; तेव्हा गिऱ्हाइकास निवड उरली नाही. 1963 मध्ये काही निष्ठावंतांनी लाकडी पिंपातील बिअरच्या रक्षणार्थ मंडळ काढले होते, पण त्यांचा जीव लाकडात अधिक अडकला होता. एल धातूच्या पिंपातही जिवंत राहू शकते.

16 मार्च 1971 रोजी आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील डनक्विन गावी, क्रूगर यांच्या पबात, सहलीस आलेले चार इंग्रज तरुण बसले होते : मायकेल हार्डमन, ग्रॅहॅम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर. घरच्या बिअरविषयी तक्रार करता करता त्यांनी एक संस्थाच काढून टाकली, तीही जेथे तसली एल मिळत नव्हती अशा मुलखात. आरंभीच्या लांबलचक नावात एलच्या ‘पुनरुज्जीवना’ची प्रतिज्ञा होती, 1973 मध्ये ते ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ असे सुटसुटीत झाले, आणि जगाने त्याचे कॅम्रा केले.

मोर्चे निघाले, स्टॅफर्डशरमधील स्टोन गावची जुनी भट्टी बंद होणार म्हणून तिची लटकी अंत्ययात्राही काढली गेली. परंतु या मंडळींचे खरे शस्त्र यादी हे होते. 1972 मध्ये टाचण्या मारलेली 18 पृष्ठे सभासदांना टपालाने गेली. 1974 मध्ये तिचेच ‘गुड बिअर गाइड’ हे पुस्तक झाले. त्याची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे : ते भर देते पबांवर, कारण एल बिघडते वा साधते ती तळघरात. ज्याने शोधावे त्याने इतरांस सांगावे, इतरांनी जाऊन पडताळावे, आणि पबाचा मालक बदलून हयगय होऊ लागली तर पुढील वर्षी नाव गाळावे, अशी ही फेरतपासणी विनावेतन चाले. आमच्या महसूल खात्यास हेवा वाटावा अशी. पहिल्या छापील आवृत्तीत वॉटनीच्या बिअरविषयीच्या शेऱ्यात महामारीची उपमा आली होती. प्रकाशक घाबरले, आणि भाषा सौम्य करून ती पुन्हा छापावी लागली. पण त्या गडबडीने पुस्तकाचा जो बोभाटा झाला, तो जाहिरातीने झाला नसता.

1975 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनात, जेथे फुलबाजार भरे तेथे, पिंपांचे प्रदर्शन भरले, आणि 1977 पासून अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये सुरू झालेला महोत्सव या रसिकांची वारीच ठरला. 1989 मध्ये तर सरकारी हुकूम निघाला : 2000 हून अधिक पब असलेल्या कंपन्यांनी अधिकांपैकी निम्मे बंधमुक्त करावेत, आणि बांधील पबातही परक्या भट्टीची एक पिंपातली एल ‘पाहुणी’ म्हणून विकू द्यावी. लहान भट्टीवाल्यांना दार उघडले. कंपन्यांनी मात्र पब नव्या धन्यांस विकून जुने बंधन नव्या नावाने चालू ठेवले.

पुढे अमेरिकेच्या वाऱ्याने इंग्लंडातही तरुण कारागीर उत्तम बिअर करू लागले, पण ती केगमध्ये भरू लागले, आणि जुन्या सैनिकांपुढे पेच उभा राहिला. त्यासाठी 2016 मध्ये नेमलेल्या चौकशीच्या अध्यक्षस्थानी हार्डमनच होते. संस्थेने यापुढे बिअर पिणाऱ्या सर्वांचीच बाजू मांडावी, असा ठराव 2018 च्या एप्रिलमध्ये कॉव्हेंट्रीच्या सभेपुढे आला. तीन-चतुर्थांश मतांची अट होती. 72 टक्क्यांच्या थोडी वर पडली, आणि ठराव बारगळला.