मुकुट, छत्र आणि सत्तेचे रूपक

इंग्रजीत 'क्राउन' ही शिरोभूषणाची संज्ञा राजसंस्थेची व पुढे शासनसंस्थेचीही वाचक ठरली. राजा मरतो, 'क्राउन' अखंड राहतो. मराठीत 'मुकुटा'चा असा अर्थविस्तार झाला नाही. १६७४ मध्ये रायगडावरील राज्याभिषेकाने शिवाजी महाराज 'छत्रपती' झाले. मुकुट धारकाच्या मस्तकापुरता असतो. छत्रातून आश्रयाचा अर्थ निघतो, म्हणून 'छत्र हरपणे' म्हणजे पोरके होणे. १८५८ मध्ये हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून 'क्राउन'कडे गेला, तेव्हा मराठीने त्या अमूर्त संस्थेला 'राणीचे राज्य' असे व्यक्तिरूप दिले. त्यामुळे वसाहतकालीन मराठी लेखनातील राजनिष्ठा तपासताना ती शासनसंस्थेवरील निष्ठा होती की छत्रछायेची जुनी अपेक्षा, हा प्रश्न टाळता येत नाही.