छतातून १५ मीटर एचडीएमआय केबल टाकली, तरी स्क्रीन काळी का पडते?

नव्या घरात प्रोजेक्टरसाठी छतातून एचडीएमआय केबल टाकली, वर पीओपी झालं, रंगही लागला. मॅचच्या दिवशी सेट-टॉप बॉक्स जोडला आणि चित्र येतंय-जातंय. कधी पांढरे ठिपके, कधी दोन सेकंद अंधार. शिव्या प्रोजेक्टरला बसतात, पण बऱ्याचदा दोष असतो छतात अडकलेल्या केबलचा.

नेमकं होतं काय?

फोरके सिनेमा इंटरनेटवरून साधारण १५ ते २५ एमबीपीएस वेगाने घरी येतो, कारण तो कॉम्प्रेस केलेला असतो. स्ट्रीमिंग बॉक्स तो उलगडतो आणि टीव्हीकडे जवळपास कच्च्या स्वरूपात पाठवतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या फोरके चित्रासाठी केबलला १८ जीबीपीएसपर्यंतचा भार पेलावा लागतो. म्हणजे जवळपास हजारपट!

तांब्याच्या तारेत अंतर वाढेल तसा सिग्नल क्षीण होतो. जुन्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरींमध्ये चित्र हळूहळू धूसर व्हायचं. डिजिटलमध्ये तसं नसतं. एका मर्यादेपर्यंत चित्र चोख, त्यापुढे थेट ठिपके किंवा काळा पडदा. त्यामुळे ‘महागड्या केबलने रंग खुलतात’ हा दुकानदाराचा दावा सोडून द्यावा.

एचडीएमआयच्या मानकात केबलची कमाल लांबी दिलेलीच नाही. साध्या केबलवर फोरके ६० पाचेक मीटरपर्यंत भरवशाचं, तर फुल एचडी १० ते १५ मीटरपर्यंत बऱ्याचदा चालतं. खोक्यावर छापलेल्या ‘२.१’पेक्षा ‘प्रीमियम हाय स्पीड’ (१८ जीबीपीएस) किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ (४८ जीबीपीएस) हे स्कॅन करता येणारं लेबल पाहावं.

मग लांब अंतरासाठी काय?

एक मार्ग ऑप्टिकल एचडीएमआय केबलचा. यात चित्र काचेच्या बारीक तंतूंमधून प्रकाशाच्या रूपात जातं, त्यामुळे ३० मीटरही अडचणीचे नसतात. मात्र ही केबल एकदिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. वायरमनने ती उलटी ओढली तर पुन्हा काढावी लागते. तीव्र कोनात वाकवलं तर आतला तंतू तुटू शकतो आणि तो घरी जोडता येत नाही.

दुसरा मार्ग एचडीबेसटी. दोन्ही टोकांना छोटे बॉक्स आणि मधे कॅट ६ केबल. १०० मीटरपर्यंत पोहोचणारं हे तंत्र २०१० मध्ये एलजी, सॅमसंग, सोनी आणि व्हॅलेन्स यांनी पुढे आणलं. पाइपातून फक्त बारीक वायर जाते, कनेक्टर नंतर बसवता येतो, ही मोठी सोय. ही वायर राउटरमध्ये मात्र खोचायची नाही, ती थेट एका बॉक्समधून दुसऱ्यात जाते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त कॅट ६ इथे टाळावी आणि बॉक्स फोरके ६० पेलतो का, तेही विचारावं.

फक्त ओटीटी पाहायचं असेल तर एवढा खटाटोपच नको. स्ट्रीमिंग स्टिक प्रोजेक्टरलाच लावावी, छतात वीज आणि बरं वाय-फाय पुरे.

केबल टाकायचीच असेल तर आधी ती जमिनीवर पसरून अर्धा तास फोरके ६० चालवून पाहावी. मग विजेच्या वायरींपासून वेगळ्या, रुंद पाइपातून न्यावी. एचडीएमआयचं डोकं अरुंद पाइपाच्या वळणावर हमखास अडकतं. पाइपात एक मजबूत दोरी सोडून ठेवली की पुढे केबल बदलताना छत फोडावं लागत नाही.